बोकोबाचा पहिला शब्द

माझा राग बाबागाडीपासून सुरू होतो. त्या वस्तूला बाबागाडी का म्हणतात, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. बाळाला तिच्यात निजवायचं आईने, चाकात अडकलेलं दुपटं ओढून काढायचं आईने, लिफ्ट बंद पडली की एका काखेत बाळ आणि दुसऱ्या हातात गाडी घेऊन जिना चढायचा तोही आईनेच, आणि नाव मात्र बाबाचं. त्यातला बाबा म्हणजे बाळ, असं एका शहाण्याने मला ऐकवलं. असेल बुवा. पण आमच्या मेहुण्यांना हे कुणी सांगितलेलं नसावं.

मेहुणे म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते बाबागाडी ढकलत बागेत शिरले की बाकांवरच्या समस्त बायका माना वळवतात. "किती करतात हो हे बाळाचं!" "आमच्या ह्यांनी कधी हात नाही लावला हो!" मेहुणे मान लववून कौतुक स्वीकारतात. मागून माझी बहीण येत असते. तिच्या खांद्यावर बाटली, टोपी, औषध, पुसायचे कपडे, बदलायचे कपडे आणि बदललेले कपडे भरलेली पिशवी असते. पिशवीचं कौतुक करायला बाकावर कुणी बसलेलं नसतं. माझ्या तळपायाची आग तिथेच मस्तकात जाते, आणि बाग तर अजून सुरूही झालेली नसते.

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून "क्लच! अहो क्लच!" असं ओरडायचं, हा माझा धंदा आहे. त्यामुळे माझ्या रागाचं कुणाला विशेष वाटत नाही. धाकटीचं तसं नाही. धाकटी बोलकी होती. बोलकी कसली, घरात तिचं नावच रेडिओ होतं. सकाळी डोळे उघडले की सुरू, ते रात्री झोपेत बडबड करेपर्यंत. शाळेतून आली की बाईंनी काय विचारलं, कोण रडलं, कुणाच्या डब्यात मुंग्या निघाल्या, हे सगळं आवाजांसकट ऐकायला लागायचं. दार करकरलं तर ती त्याची नक्कल करायची. शेजारच्या आजोबांचा खोकला ती इतका हुबेहूब काढायची की आजी खिडकीतून "औषध घेतलंत का?" असं विचारायच्या.

त्या कानांचंच पुढे तिने पोट भरण्याचं साधन केलं. कानाच्या दवाखान्यात ती ऐकण्याची तपासणी करते. तिथे एक आवाजबंद खोली आहे, भिंतींना गादीसारखं जाड अस्तर लावलेली. आत पेशंट बसतो, कानांवर हेडफोन आणि हातात बटण. काचेच्या अलीकडे धाकटी. ती बारीक आवाज सोडते आणि ऐकू आला की पेशंटने बटण दाबायचं. मग ती ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढे पुठ्ठा धरते आणि एकेक शब्द म्हणते. गार, पार, वार, दार. पेशंटने जे ऐकू आलं तेच परत म्हणायचं. कुणाला गारच्या जागी पार ऐकू येतं, कुणाला दारच्या जागी वार. कुणाचा कान कुठे कमी पडतो, हे तिला त्यावरून कळतं.

तिथे येणाऱ्या म्हाताऱ्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं. "मला सगळं स्वच्छ ऐकू येतं हो, बायकोच तोंडातल्या तोंडात बोलते." धाकटी हे ऐकून खदखदून हसायची आणि म्हणायची, "आजोबा, बायकोचं राहू द्या. मी काय म्हणते ते सांगा." आणि संध्याकाळी मला फोन करून त्या आजोबांचा आवाज काढून दाखवायची. त्या दवाखान्याच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी एकदा मला सांगितलं होतं, पेशंट हिच्या हाताखाली चिडत नाहीत, कारण ही त्यांच्याशी बोलते.

आता मेहुणे. माणूस वाईट असता तर काम सोपं होतं. मी दोन शब्द सुनावले असते आणि मोकळी झाले असते. पण मेहुणे दारू पीत नाहीत, आवाज चढवत नाहीत, बोकोबावर जीव टाकतात. बोकोबा म्हणजे माझा भाचा. जन्मला तेव्हाच बोक्यासारखा गुबगुबीत होता, म्हणून मी ठेवलेलं नाव. मेहुणे नव्या पद्धतीची स्वयंपाकघरं विकणाऱ्या दुकानात आहेत. गिऱ्हाइकाला खण उघडून, कप्पे ओढून असं काही पटवतात की विळी-कोयता घ्यायला आलेला माणूस अख्खा ओटा घेऊन जातो. स्वतःच्या घरात चमचे कुठल्या खणात आहेत, हे त्यांना अजून विचारावं लागतं, पण ते असो.

त्यांची एकच सवय. धाकटीने तोंड उघडलं की ते हात आडवा करून हवेत धरतात, कुत्र्याला बस म्हणताना धरतात तसा, आणि हसून म्हणतात, "तू गप्प गं, मी सांगतो." रागाने नव्हे, लाडाने. पाहुण्यांना लग्न कसं जमलं ते सांगताना. डॉक्टरांना बाळाला ताप कधीपासून आहे ते सांगताना, जो रात्रभर हिने मोजला होता. रस्ता विचारणाऱ्याला रस्ता सांगताना. "तू गप्प गं, मी सांगतो." आणि मग चुकीचा रस्ता सांगतात.

सुरुवातीला धाकटी ते हसण्यावारी न्यायची. मग हसणं कमी झालं, बोलणंही कमी झालं. तिचा संध्याकाळचा फोन आला की मीच बोलायचे आणि ती "हं" म्हणायची. रेडिओ कुणी बंद केला नाही, नुसता रोज थोडा थोडा बारीक केला. माझा संताप व्हायचा. मी म्हणायचे, "अगं, तोंड आहे ना तुला?" ती म्हणायची, "जाऊ दे ताई, तो प्रेमाने म्हणतो." प्रेमाने म्हणतो! मी शिकवताना लोकांना ब्रेक मारायला लावते, तो प्रेमाने मारला तरी गाडी थांबतेच.

बोकोबा आल्यावर मात्र घरात खरोखर आनंद होता. ते नाकारलं तर मी खोटारडी ठरेन. तो पहिल्यांदा पालथा पडला तेव्हा मेहुण्यांनी मला भर शिकवणीत फोन केला. माझी विद्यार्थिनी चौकात गाडी बंद पाडून बसली होती, मागे भोंगे वाजत होते, आणि कानात मेहुणे ओरडत होते, "ताई, वळला! स्वतः वळला!" पहिला दात दिसला तेव्हा तो आजूबाजूच्या सगळ्यांनी बोट घालून तपासला. पहिल्यांदा झोक्यावर बसवलं तेव्हा तो इतका गंभीर झाला की जणू त्याला कुठल्या महत्त्वाच्या सभेला बसवलंय, आणि झोका थांबवल्यावर भोकाड पसरलं. धाकटी आणि मेहुणे दोघं एकमेकांच्या अंगावर रेलून हसत होती. ती हसताना मी पाहिली आणि माझाही राग तेवढ्यापुरता निवला.

पण या सगळ्याच्या फोटोंत धाकटी नाही. फोटो ती काढते. अंघोळीच्या टबात पप्पा, बदकांपुढे पप्पा, वाचनालयाच्या गालिच्यावर रांगणाऱ्या बोकोबामागे रांगणारे पप्पा. आई कुठाय, असं कुणी विचारत नाही. आई असतेच, तिचं काय विचारायचं?

तर तो पहिला शब्द. बागेतल्या तळ्याकाठी आम्ही गवतावर बसलो होतो. बोकोबा वर्षाचा व्हायला आला होता आणि पावाचे तुकडे बदकांना न देता स्वतः खात होता. धाकटीची रजा संपत आली होती. दवाखान्याच्या शेजारीच एक चांगलं पाळणाघर तिने पाहून ठेवलं होतं, आणि तेच ती मला सांगत होती. "ताई, तिथल्या बाई म्हणाल्या की पहिले काही दिवस मी मधल्या सुट्टीत येऊन—"

बोकोबाने मान वर केली, तिच्याकडे पाहिलं, गुबगुबीत हात पुढे केला आणि काहीतरी म्हणाला.

"पप्पा!" मेहुणे किंचाळले. "पप्पा म्हणाला! ऐकलंत ना ताई? पप्पा!" बदकं काठावरून पाण्यात पळाली. मेहुण्यांनी बोकोबाला उचलून गरागरा फिरवलं, मग आईला फोन, वडिलांना फोन, दुकानात फोन. "पहिला शब्द पप्पा! आईच्या आधी पप्पा!" बाकावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मलाही पप्पाच ऐकू आलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचाही रागच आला. वर्षभर छातीशी घेऊन कुणी जागरणं केली, आणि पहिला शब्द कुणाचा? मी बोकोबाला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या.

धाकटी हसली नाही. पाळणाघराचं वाक्य तिने तसंच अर्धं सोडलं.

घरी आल्यावर ती बाटल्या उकळत होती आणि मी ओट्याला टेकून मेहुण्यांचा उद्धार करत होते. ती म्हणाली, "ताई, तो पप्पा नाही म्हणाला."

"मग?"

"गप्प म्हणाला."

मी हसले. "तुझं काहीतरीच."

"ओठ बघितलेस त्याचे? पप्पा म्हणायचं तर आधी ओठ मिटायला हवेत. त्याचे उघडे होते. पहिला आवाज घशातून आला." ती नेहमी पेशंटबद्दल सांगायची त्याच सुरात सांगत होती. "आणि पप्पा म्हणणारं मूल पप्पाकडे बघेल ना? त्याने माझ्याकडे बघितलं. मी बोलत असताना. आणि हात असा केला." तिने हात आडवा करून दाखवला आणि लगेच खाली घेतला, जणू तो आपला नव्हेच.

मी पुढचे काही दिवस नीट लक्ष दिलं. बोकोबा खेळण्यांत रमला असेल, एकटा असेल, मेहुण्यांच्या मांडीवर असेल, तेव्हा तो शब्द कधी यायचा नाही. धाकटी फोनवर बोलायला लागली की हात पुढे आणि "गप्प." धाकटी भाजीवाल्याशी बोलायला लागली की "गप्प." त्याला वाटत होतं की आई बोलायला लागली की आपण हात करून हे म्हणायचं असतं, आणि मग सगळे हसतात. हा खेळ आहे. पोराचा काय दोष? तो घरात जे दिसतं ते शिकला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी चप्पल घालून निघाले, दुकानात जाऊन गिऱ्हाइकांसमोर मेहुण्यांना ऐकवायला. धाकटीने माझा दंड धरला. "तू नाही सांगायचंस."

"मग कोण सांगणार? तू? तू मूग गिळून बसणार!"

"तू सांगितलंस तर तुझं त्याच्याशी भांडण होईल. माझं काहीच होणार नाही."

मी दार आपटून गेले. तिच्यावरही रागावले होते मी. मेहुणे तर त्या काळात पप्पा नावाचा खेळच मांडून बसले होते. जो भेटेल त्याच्यापुढे बोकोबाला धरून "म्हण, पप्पा! म्हण!" बोकोबा ढिम्म. मग धाकटी "अरे, नको त्याला त्रास देऊस, त्याला झोप—" असं काही म्हणाली की हात पुढे यायचा, शब्द यायचा, आणि टाळ्यांचा कडकडाट. आपलं तोंड बंद केलं म्हणून टाळ्या वाजतात आणि ही उभी राहून बघते. मला ते बघवेना, म्हणून मी रविवारचं बागेत जाणं बंद केलं.

अशात धाकटीला मोठ्या बाईंचा फोन आला. रजा संपली की तिने यायचं ठरलेलं होतं, पण आता पेशंट थांबून राहत होते. या आठवड्यात नक्की सांग, नाहीतर मला दुसरी मुलगी घ्यावी लागेल, असं त्या म्हणाल्या. धाकटीने हे मेहुण्यांना सांगितलं. मेहुणे नाही म्हणाले नाहीत. ते कधीच नाही म्हणत नाहीत. ते म्हणाले, "बघू गं." मग त्यांच्या आईला फोनवर सांगताना मी स्वतः ऐकलं, "छे, ती कसली जाते आता, ती घरातच रमलीये." धाकटी तिथेच उभी होती. तिने तोंड उघडलं. हात आडवा झाला.

बोकोबाचा वाढदिवस बागेतच केला. झाडाखाली चादरी अंथरल्या, फुगे बांधले, केक आणला. मेहुण्यांचे आईवडील, दुकानातली मंडळी, मी, आणि धाकटीने आग्रहाने बोलावलेल्या मोठ्या बाई. मला आशा होती की बोलावलं आहे म्हणजे ती आज बोलणार. पण ती सकाळपासून प्लेटा वाटत फिरत होती, आणि माझा धीर सुटत चालला होता.

केक कापून झाला. बोकोबा मेहुण्यांच्या कडेवर होता, नाकाला क्रीम. मोठ्या बाईंनी हात पुसले आणि सरळ विचारलं, "मग काय गं, कधीपासून येतेस?"

"बाई, मी सोमवार—"

"अहो, तिचं कसलं आता येणं," मेहुणे हसत मध्ये पडले. "तुम्ही दुसरं कुणी बघा. ही आता पूर्ण वेळ आई. रमलीये घरात. काय गं?"

मी प्लेट खाली ठेवली. आता बोलले नसते तर फुटले असते. पण धाकटीने माझ्याकडे एकदाच पाहिलं, आणि मी दातओठ खाऊन बसून राहिले.

"मी सोमवारपासून—" तिने पुन्हा सुरू केलं.

कडेवरून गुबगुबीत हात पुढे आला. "गप्प!"

"पप्पा!" सगळे ओरडले, टाळ्या पडल्या. मेहुण्यांनी बोकोबाचा मुका घेतला. "बघा, बघा, कुणाची बाजू घेतो ते! पप्पाचीच!"

"तो पप्पा म्हणत नाहीये," धाकटी म्हणाली.

तिने आवाज चढवला नाही. पण कुठला आवाज कुठवर न्यायचा हे तिला ठाऊक आहे, आणि तो चादरीच्या चारही कोपऱ्यांपर्यंत गेला.

"मग काय म्हणतोय?" मेहुणे हसतच होते.

"गप्प म्हणतोय. मला म्हणतोय. मी बोलायला लागले की म्हणतो."

"हॅ! काहीतरीच!" मेहुण्यांनी सगळ्यांकडे पाहून डोळे मिचकावले आणि मोकळा हात हवेत आडवा धरला. "तू गप्प गं, मी सांग—"

बोकोबाने बापाचा हात पाहिला. त्याला खेळ कळला. त्याने आपला चिमुकला हात त्या मोठ्या हाताशेजारी नेमका तसाच आडवा धरला आणि आनंदाने, सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "गप्प!"

टाळ्या वाजवायला वर गेलेले हात तसेच राहिले. दुकानातला एकजण हसायला गेला आणि खोकला. मेहुण्यांच्या आईंनी खाली मान घालून चादरीवरचे केकचे कण वेचायला घेतले, आणि वेचतच राहिल्या. मोठ्या बाईंनी मात्र नजर हलवली नाही. त्या धाकटीकडे बघत होत्या, उत्तराची वाट बघत.

सगळे गप्प झालेले पाहून बोकोबा गोंधळला. हसले का नाहीत? त्याने पुन्हा हात पुढे केला आणि तोंड उघडलं.

धाकटी दोन पावलं पुढे गेली. तिने तो हात आपल्या हातात घेतला, त्याची बोटं हलकेच मिटवली आणि त्याच्या नाकावरचं क्रीम पुसलं. "नाही बाळा," ती म्हणाली. "आई बोलतेय."

मग ती मोठ्या बाईंकडे वळली आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, मध्ये कुठेही न अडता, म्हणाली, "बाई, मी सोमवारपासून कामावर येणार आहे, पाळणाघर मी ठरवलंय, आणि सकाळी याला तिथे सोडायला याचे पप्पा जाणार आहेत."

बोकोबाचा हात तिने हातातच ठेवला होता. मेहुण्यांचा हात अजून हवेत होता. तो कुणी धरला नाही. तो त्यांना स्वतःलाच खाली घ्यावा लागला.